गॅलरीतून दिसलेलं गिरेसुन

आई २०२०च्या फेब्रुवारीत आमच्याकडे हॉलंडमध्ये, लायडस्खेनडामला आली ती तीन महिन्यांसाठी. ट्यूलिप बघायचे, लेक-जावयाला चार दिवस नीट खाऊ घालायचं आणि आंबा संपायच्या आत रत्नागिरीला परत जायचं, असा तिचा साधा बेत होता. वडील जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. एकटी राहायची तिला सवय झाली होती, पण गप्प राहायची नव्हती. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत तिनं सगळी नोकरी काढली होती. खिडकीच्या पलीकडे कोणीही येवो, कुठलीही भाषा बोलो, त्याला कुठं जायचंय ते आईला कळायचंच.

मार्चच्या मध्याला सगळं बंद झालं. आमची दोघांची ऑफिसं घरात आली. नवरा बेडरूममध्ये आणि मी जेवणाच्या टेबलाशी, दोघंही कानात हेडफोन घालून सकाळपासून मीटिंगमध्ये. आईचं परतीचं विमान आधी पुढं ढकललं, मग रद्दच झालं. ती दोन खोल्यांमध्ये फेऱ्या मारायची, माझ्या स्क्रीनवर येणार नाही अशा बेतानं भिंतीला धरून स्वयंपाकघरात जायची आणि कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅसजवळ उभी राहायची. मला ते बघवत नव्हतं. पण करायचं काय?

आमची इमारत जुनी आहे. प्रत्येक मजल्यावर सगळ्या घरांची दारं एका लांब, उघड्या गॅलरीत उघडतात. मुंबईची चाळ पाहिलेल्या माणसाला ती बघितल्याबरोबर ओळखीची वाटते. एवढाच फरक की इथं गॅलरीत कोणी बसत नाही. फक्त आमच्या शेजारच्या दारासमोर दोन खुर्च्या असायच्या आणि त्यांवर एक म्हातारं तुर्की जोडपं. आम्ही तिथं राहायला गेल्यापासून त्यांच्याशी जाता-येता "हालो"च्या पुढं बोलणं झालं नव्हतं.

एका उन्हाच्या सकाळी आई स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन बाहेर गेली. थोड्या वेळानं आत आली आणि माझी मीटिंग संपेपर्यंत कशीबशी थांबली.

"अगं, ते शेजारचे थोडं थोडं मराठी बोलतात."

"आई, ते तुर्की आहेत."

"असतील. पण त्यांनी वर बोट दाखवलं आणि हवा म्हणाले. मी म्हटलं, हो, हवा छान आहे. तर पुन्हा हवा म्हणाले. हवा ग्युझेल की काय."

मी नंतर विचारलं, तेव्हा कळलं की तुर्कीत हवेला हवाच म्हणतात आणि ग्युझेल म्हणजे सुंदर. आईला त्याचं काही नवल वाटलं नाही. तिच्या दृष्टीनं हवेला हवा म्हणणं हे साहजिकच होतं. नवल होतं ते हवेला दुसरं काही म्हणणाऱ्यांचं.

त्या दिवसापासून ती रोज बाहेर बसायला लागली. दीड मीटर अंतर ठेवायचा नियम होता, म्हणून आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत मधे एक मोकळी जागा सोडलेली असायची. अडलं की मला हाक यायची. मी दोन मीटिंगच्या मधल्या वेळात जाऊन डचमधून मराठी आणि मराठीतून डच करायचे. माझं डच मोडकं आणि त्यांचंही मोडकं, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं नीट समजायचं.

म्हाताऱ्यांना मी अमजा म्हणायला लागले, म्हणजे काका. आणि त्यांच्या बायकोला तेयझे, म्हणजे मावशी. त्यांनीच तसं सांगितलं. तेयझे मला किझिम म्हणायची, पोरी. आईपेक्षा ती दोन-तीन वर्षांनी लहान निघाली, म्हणून आईला तिनं मोठ्या मानानं ताई म्हणायला सुरुवात केली. तुर्कीत ताईला अब्ला म्हणतात. आईनं दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी मला आत येऊन म्हणाली,

"तिला सांग, मी अबला वगैरे नाही. नवरा गेल्यावर घर चालवलंय मी. पेन्शन आहे माझी."

मी तेयझेला मराठीतला अर्थ सांगितला तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग आईकडे बघून तिनं दोन्ही हातांच्या मुठी वळून दंड दाखवले आणि म्हणाली, "अब्ला!" आईही हसली. ते नाव मग तिला चिकटलं ते चिकटलंच.

अमजा फार बोलत नसत. धाप लागली की मधेच थांबायचे. हृदयाचं जुनं दुखणं होतं. एकदा आईनं मला विचारायला लावलं की तुम्ही इथं येण्याआधी काय करत होता. मी डचमध्ये विचारलं, पण त्यांनी उत्तर आईलाच दिलं, स्वतःच्या पाठीवर हात मारून आणि मग हातानं लाटा करून.

"हमाल. बेन हमाल. लिमान हमाल."

मला लिमान कळलं नाही. आईला ते कळायची गरजच पडली नाही. "बंदरावर हमाल होते ते," ती म्हणाली. "बोटीवर माल चढवायचे." आणि तसंच होतं. काळ्या समुद्राच्या काठी गिरेसुन नावाचं गाव आहे, तिथल्या बंदरावर ते तरुणपणी हेझलनटची पोती पाठीवरून बोटीवर चढवायचे. तिथं त्या दाण्याला फिंदिक म्हणतात. आजूबाजूच्या सगळ्या डोंगरांवर त्याच्याच बागा. ऑगस्टात काढणी, आणि त्यानंतर बंदरावर श्वास घ्यायला फुरसत नाही.

त्यांनी गॅलरीच्या कठड्यावर बोटानं गाव काढून दाखवलं होतं, ते मी अजून विसरले नाही. समुद्रात घुसलेलं एक टोक, त्या टोकावर टेकडी, टेकडीवर जुना किल्ला, किल्ल्याच्या दोन्ही अंगांनी उतरत गेलेली घरं. एका बाजूला बंदर. दुसऱ्या बाजूला, काठापासून थोडं आत, समुद्रात एकटं बेट. मागं लगेच डोंगर, इतके जवळ की गावाला पाय पसरायला जागा नाही. पाऊस बाराही महिने.

आई वाकून बघत होती. बोट किल्ल्यावरून बंदराकडे गेलं तशी ती म्हणाली, "अगं, हे तर आपलंच की. रत्नदुर्ग आणि खाली भगवती बंदर. फक्त बेट नाही आपल्याकडे."

मी त्यांना सांगितलं. अमजांनी मान डोलावली. जगातली सगळी गावं अशीच असणार, एरवी माणसं राहतील कशी, असा त्यांचा चेहरा होता.

मग दोन्ही घरांतून ताटल्या जायला-यायला लागल्या. दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेत एक तिपाई ठेवली होती. ताटली तिच्यावर ठेवायची, मागं सरायचं, मग दुसरीनं पुढं येऊन घ्यायची. तेयझेनं मक्याच्या पिठाची जाड भाकर पाठवली. आईनं तांदळाची पातळ भाकरी परत पाठवली. तेयझेनं आपल्याकडच्या काळपट कोबीच्या पानांची भाजी दिली, तिच्यात मक्याचंच पीठ लावलेलं. आई म्हणाली, अळूच्या फतफत्याला हे चाललं असतं. लहान माशांचा विषय निघाला तेव्हा मात्र दोघींमध्ये वाद झाला. तेयझेच्या मते तिच्या समुद्रातल्या हम्सीसारखा मासा जगात नाही. आईच्या मते मांदेली न खाल्लेल्या माणसानं असं काही बोलू नये. दोघींनी मला मधे घेतलं. मी मीटिंग आहे म्हणून पळाले.

मेच्या सुरुवातीला अमजांना ॲम्ब्युलन्समधून नेलं. सकाळची वेळ होती. जिन्यातून नेताना त्यांनी आईला हात केला. करोना नव्हता, हृदयच होतं, पण हॉस्पिटलमध्ये एका वेळी एकाच माणसाला जायला परवानगी होती, तीही थोडा वेळ. त्यांचा मुलगा हूफडॉर्पला राहतो, बस चालवतो. ड्यूटी संपवून तो यायचा आणि तेयझेला घेऊन जायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी तो तिला घेऊन परत आला तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. तेयझे पिशवी छातीशी धरून चालत होती. पिशवीत अमजांचे बूट होते.

अमजांची इच्छा सगळ्यांना माहीत होती. त्यांना गिरेसुनच्या वरच्या गावात, स्वतःच्या बागेत पुरायचं होतं. त्यासाठी त्यांनी आयुष्यभर थोडे थोडे पैसेही भरले होते; इथले बरेच तुर्की लोक तशी सोय करून ठेवतात. एरवी बायको-मुलगा त्याच विमानातून जातात. पण प्रवाशांची विमानं बंद होती. चालू होती ती मालवाहू. म्हणजे अमजा जाऊ शकत होते, तेयझे जाऊ शकत नव्हती.

मुलानं तिला विचारलं, इथंच पुरायचं का? मी तेव्हा तिथंच होते. ती एवढंच म्हणाली, "तो वाट बघत होता. त्याला जाऊ दे."

अमजा एका शुक्रवारी मालवाहू विमानातून इस्तंबूलला गेले आणि तिथून रात्रभर गाडीनं समुद्राच्या काठाकाठानं गिरेसुनला. दुसऱ्या दिवशी दफन होतं. घरात माणसं जमवायला बंदी होती, म्हणून मुलानं गॅलरीतच तिपाईवर आपला टॅब उभा केला. तेयझे एका खुर्चीत बसली. मुलगा तिच्या मागं उभा. आई आपल्या स्टुलावर, नेहमीच्या अंतरावर. मी आमच्या दारात.

पलीकडून अमजांच्या पुतण्यानं फोन धरला होता. आधी नुसतं हिरवं हिरवं दिसलं, हलणारं. मग उतार दिसला, फिंदिकची झुडपं आणि त्यांच्यामधून खाली खोलवर एक राखाडी पट्टी. तो समुद्र होता. पाऊस भुरभुरत होता. मास्क लावलेली आठ-दहा तरुण माणसं उभी होती. अमजांच्या वयाचं कोणीच नव्हतं, कारण तिकडे तेव्हा पासष्टच्या वरच्यांना घराबाहेर पडायला मनाई होती. त्यांचा धाकटा भाऊ जवळच्या घराच्या खिडकीत उभा होता. पुतण्यानं फोन एकदा त्याच्याकडे वळवला. त्यानं काचेवर हात ठेवला होता.

माती लोटताना ती मुलं फावडं एकमेकांच्या हातात देत नव्हती. एकानं खाली ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. आईनं ते बरोबर टिपलं. "हातात का देत नाहीत?" तिनं हळूच विचारलं. मुलगा म्हणाला, अशीच रीत आहे. दुःख एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाऊ नये म्हणून.

तेयझे रडत नव्हती. ती पुढं झुकून बघत होती, एखादं काम नीट होतंय की नाही ते बघावं तशी. एकदा तिनं पुतण्याला काहीतरी जोरात सांगितलं. मुलगा म्हणाला, "ती म्हणतेय, तिकडच्या झुडपाची मुळं तोडू नका."

शेवटची प्रार्थना झाली. पडद्यावर नुसतीच ओली माती राहिली. पुतण्याचा हात दमला असावा, चित्र थरथरत होतं. तेव्हा आईनं स्टूल उचललं. मधली मोकळी जागा ओलांडून तेयझेच्या खुर्चीला चिकटून ठेवलं, बसली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी दारातच उभी राहिले. 

 मग तेयझे डचमध्ये, मला कळावं म्हणून सावकाश, म्हणाली, "तिथं असते तर हे मला दिसलं नसतं. बायका घरात थांबतात, पुरुष कबरीवर जातात. माझ्या बापाला पुरलं, मी पाहिलं नाही. सासऱ्यांना पुरलं, मी स्वयंपाकघरात होते. ह्याला मात्र मी पाहिलं."

मी आईला सांगितलं. आईची नजर टॅबवरून हलली नाही.

"तिला सांग," ती म्हणाली, "मलाही नेलं नव्हतं. दारातून निघाले तेवढंच मी पाहिलं. मग सगळ्या बायका मला धरून बसल्या आणि मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. आता पोचले असतील, आता लाकडं रचली असतील, असं मनात चाललं होतं. तिला सांग, तू पाहिलंस ते फार बरं झालं."

वडील गेले तेव्हा मी इथून निघून दुसऱ्या दिवशी पोचले होते. आईनं मला हे कधी सांगितलं नव्हतं. त्या गॅलरीत, एका परक्या भाषेत भाषांतर करता करता मी ते पहिल्यांदा ऐकलं, आणि माझं डच अडखळलं. तेयझेला मात्र कळलं. तिनं आईच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

त्या संध्याकाळी आईनं पिठलं-भात केला. "ज्या घरात असं झालंय तिथं चूल पेटत नाही," ती म्हणाली. तिनं तेयझेच्या शेजारी बसून तिला ते खायला लावलं. अंतराचं कोणी नावही काढलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून रवा भाजल्याचा वास आला आणि थोड्या वेळानं तेयझे स्वतः ताटली घेऊन दारात उभी. तुपात भाजलेला रवा, साखर, वरून चिलगोजे. त्यांच्यात माणूस गेला की हा हेल्वा करून वाटतात.

आई ताटलीकडे बघतच राहिली. "हा तर शिरा आहे," ती मला म्हणाली. "शिरा सत्यनारायणाला करतात गं. आत्ता कसा खायचा?" तेयझे दारात थांबली होती. डोळे सुजलेले, हातावर तुपाचा डाग. आईनं पदराला हात पुसले, चिमटीनं घास घेतला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "छान भाजलाय," ती म्हणाली. "मंद आचेवर भाजलाय हिनं." मग सगळा संपवला.

जुलैमध्ये भारत सरकारनं अडकलेल्या लोकांसाठी सोडलेल्या एका विमानात आईला जागा मिळाली. टॅक्सी खाली उभी होती. तेयझे हातात पाण्याचं मोठं भांडं घेऊन आमच्याबरोबर खाली आली. दोघींनी मिठी मारली, मास्कसकट. टॅक्सी सुटली आणि तेयझेनं भांड्यातलं सगळं पाणी तिच्या मागं रस्त्यावर फेकलं. आईनं मागच्या काचेतून ते पाहिलं आणि घाबरून माझ्याकडे वळली.

"काय गं हे? पाणी सोडलं की काय हिनं माझ्यावर?"

मी तेयझेला फोन लावला. ती म्हणाली, जाणारा माणूस पाण्यासारखा सुखरूप जावा आणि पाण्यासारखा परत यावा, म्हणून ओततात. हे कळल्यावर आई पुन्हा वळून मागच्या काचेतून बघत राहिली. शिरा-पाणी सगळंच ह्यांचं आपल्यापेक्षा वेगळं, असं एकदा पुटपुटली, पण रागानं नव्हे.

पुढचा हिवाळा लांबला. तेयझे गॅलरीत एकटी बसायची, मग थंडी वाढली तशी आत बसायला लागली. मी रोज संध्याकाळी लॅपटॉप मिटला की तिच्याकडे जायचे. कधी चहा, कधी नुसतंच बसणं. २०२१च्या वसंतात भारतातल्या बातम्या वाईट यायला लागल्या तेव्हा ती मला दारातच विचारायची, "अब्ला?" मी "बरी आहे" म्हटल्यावर बाजूला व्हायची आणि मग मी आत जायचे. आई त्या दिवसांत घराबाहेर पडली नाही. वाणसामान गेटवर ठेवून घ्यायची. तिची भाजीवाली गेली, तिच्या खिडकीतला जुना सहकारी गेला. फोनवर ती हे सगळं सपाट आवाजात सांगायची. मी एकदा व्हिडिओ कॉल तसाच चालू ठेवून तेयझेकडे गेले. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. "हवा?" तेयझेनं विचारलं. "हवा चांगली आहे," आई म्हणाली, आणि रडली. त्या सगळ्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

जूनमध्ये प्रवासाचे निर्बंध सैल झाले आणि तेयझे मुलाबरोबर गिरेसुनला गेली. जाताना आम्हाला बजावून गेली: ऑगस्टात यायचं, फिंदिकच्या काढणीला. ते आमंत्रण नव्हतंच, हुकूम होता. आम्ही दोघांनी आठवड्याची सुट्टी काढली.

तिथला विमानतळ समुद्रात भराव घालून केलेला आहे. उतरताना वाटतं आपण पाण्यातच उतरतोय. पुतण्या न्यायला आला होता. रस्ता सगळा काठाकाठानं. आणि जिथं म्हणून सपाट जागा होती, फुटपाथ, शाळेचं पटांगण, मशिदीसमोरचं अंगण, पेट्रोलपंपाच्या मागची फरशी, तिथं फिंदिक वाळत घातलेलं होतं. कोणी दाताळ्यानं पसरत होतं, कोणी आभाळाकडे बघत ताडपत्री ओढत होतं. रत्नागिरीच्या आसपास उन्हाळ्यात असंच सगळं वाळत पडलेलं असतं, कोकमं, सोलं, फणसाचे गरे, आणि बायकांची नजर अशीच आभाळावर असते.

किल्ला दिसला. टेकडीच्या दोन्ही अंगांनी उतरलेली घरं दिसली, बेट दिसलं. अमजांचं बोट बरोबर होतं.

गाव तिथून वर, वळणावळणानं चढत गेलं की लागतं. हवेत पाणी इतकं की केस ओले होतात. उतार एवढे उभे की वरच्या शेतातून पोती खाली आणायला तारेवर पाळणे लावलेले. तेयझे दारात उभी होती. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, कमरेला मळकं एप्रन, पायांत रबरी बूट. आमच्या गॅलरीतली तेयझे ती हीच, हे कळायला मला क्षणभर लागलं. ती दहा वर्षांनी तरुण दिसत होती.

कबर घराच्याच आवारात, बागेत होती. तिकडे ती तशीच असते. दगडाची कड, मधे माती, मातीत तेयझेनं लावलेली झेंडूची रोपं. भोवती फिंदिकची झुडपं फांद्या टेकवून उभी आणि त्यांच्याखाली बायका वाकून दाणे गोळा करत होत्या, आपसात बोलत होत्या, हसत होत्या. एकीनं आपली टोपली कबरीच्या कडेवरच टेकवली होती. तेयझे तिला काही बोलली नाही.

मी आईला फोन लावला आणि कॅमेरा फिरवला.

"हे काय, अंगणातच?" आई म्हणाली. मग थोडं थांबून, "बरं आहे की. कामात लक्ष राहतं त्यांचं."

मी हे तेयझेला सांगितलं. ती कबरीकडे वळून तुर्कीत काहीतरी म्हणाली आणि पुन्हा वाकून वेचायला लागली. पुतण्यानं मला सांगितलं: "काकू म्हणतेय, ऐकलंस का? तुझी अब्ला म्हणतेय, लक्ष ठेव."

आम्ही पाच दिवस वेचलं. माझी पाठ मोडली, नवऱ्याच्या हाताला काळे डाग पडले ते परत आल्यावरही कितीतरी दिवस गेले नाहीत. संध्याकाळी अंगणात सगळ्या बायका जमून दाण्यांवरची हिरवी टरफलं काढायच्या. त्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. त्या तेयझेला प्रेमानं वागवत होत्या, पण पाहुणीसारखं. चहा आधी तिला. उशी तिला. बोलताना तिचा उल्लेख "हॉलंडवाली" असा व्हायचा. भाजीचे भाव, कोणाचं लग्न, कोणाची जमीन, असं बोलणं चाललं की ती हसत बसायची, पण ती माणसं तिला माहीत नसायची. तिच्या ओळखीची बरीचशी आता झेंडूखाली होती.

शेवटच्या दिवशी ती आम्हाला खाली शहरात घेऊन गेली. बंदरावर आता हमाल नाहीत. क्रेन आहेत, कंटेनर आहेत, आणि तारेचं कुंपण. आम्ही कुंपणाशी उभे राहिलो. तिथून तिनं धक्का दाखवला. त्यांच्या तरुणपणी काळ्या समुद्रातून इस्तंबूलला जाणारी प्रवासी बोट तिथं लागायची. अमजा त्याच बोटीनं गेले, तिथून पुढं रेल्वेनं हॉलंडला.

"तुम्ही आला होता पोचवायला?" मी विचारलं.

"आले होते. लग्नाला चार महिने झाले होते. सासू शेजारी उभी होती, म्हणून मी रडले नाही. तोही वर कठड्याशी उभा, माझ्याकडे बघत नव्हता, बापाकडे बघत होता. मला वाटलं, ह्याला माझी काही पर्वा नाही." ती हसली. "नंतर मला म्हणाला, तुझ्याकडे बघितलं असतं तर उडी मारली असती."

मग आम्ही किल्ल्याच्या टेकडीवर गेलो. तिथं झाडाखाली चहाची टेबलं आहेत. खाली दोन्ही बाजूंना समुद्र. नवऱ्यानं तिला जे विचारलं ते मला विचारायचं धाडस होत नव्हतं: "तेयझे, तुम्ही आता इथंच राहणार का?"

तिनं साखरेचा खडा दातांत धरून चहाचा घोट घेतला.

"मला वाटलं होतं, राहीन. वर्षभर तेच मनात होतं. पण इथं मी सकाळी उठते, त्याच्याशी बोलते, आणि मग दिवसभर बोलायला कोणी नाही. नातवंडं तिकडे आहेत. माझी डॉक्टर तिकडे आहे. इथं रस्ता ओलांडायची मला भीती वाटते, कोणी थांबत नाही." मग ती आमच्या दोघांकडे बघून म्हणाली, "मी पुतण्याला सांगितलंय, कबरीच्या शेजारची जागा माझी. तिथं काही लावू नको. तो म्हणाला, काकू, आत्ताच साफ करून ठेवतो. मी म्हटलं, अरे, घाई करू नको. नोव्हेंबरात माझा दात बसवायचाय."

नवरा जोरात हसला. मीही हसले. तीही. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. तेयझेनं चहावाल्याला हात करून आणखी तीन चहा सांगितले आणि आमच्या उरलेल्या साखरेचे खडे रुमालात बांधून पिशवीत टाकले.

नोव्हेंबरात ती परत आली. दात बसवला, पण तो बरेच दिवस टोचत होता.